गारिफालियाची हाडं

१

गारिफालियाच्या मांडीचं हाड माझ्या हातात आलं आणि मला कळलं, की इथं काहीतरी भयंकर घडून गेलं आहे.

आमच्या लिथोनीत माती कमी आणि खडक जास्त. त्यामुळे मेलेल्या माणसाला कबर मिळते ती पाच वर्षांपुरती. मग उकरायचं, हाडं वाइननं धुवायची, उन्हात वाळवायची आणि पेटीत घालून चर्चमागच्या खोलीत ठेवायची. त्या दिवशी घरच्यांच्या अंगावरचे काळे कपडे उतरतात आणि दुखवटा संपतो. हे धुण्याचं काम माझं. मी स्तमाता, या गावची सुईण. निम्म्या गावाला मी ओढून या जगात आणलं आणि बाकीच्यांची हाडं धुतली, तेव्हा माणूस आतून कसा असतो ते मला कुणी शिकवायला नको.

हे हाड हलकं होतं. अडतीस वर्षांच्या बाईचं हाड हाताला जड लागतं, हे शिळ्या पावासारखं होतं. शिवाय ते वाकलेलं होतं आणि वरच्या टोकाशी त्याला आडवा तडा होता. मी दुसरी मांडी काढली. तिलाही तडा. मग बरगड्या, खांद्याची पाती, कमरेचं हाड. सगळीकडे तडे, आणि काही तर अर्धवट सांधलेले. म्हणजे ही बाई जिवंतपणीच मोडली होती आणि तशाच मोडक्या अंगानं घरात वावरत होती.

कबरीच्या काठावर चौघं उभी होती. तिची वीस वर्षांची मुलगी लेमोनिया, सासू पोलितिमी, धाकटा दीर थ्रासिवुलोस आणि थोरला भाऊ अनार्गिरोस. हा भाऊ डोंगरावरच्या काव्होरीचा. आल्या आल्या कॉफी पिताना तो सगळ्यांना ऐकवत होता, की माझ्या बहिणीनं नवरा गेल्यावर अकरा वर्षं उन्हाला तोंड दाखवलं नाही, अशी विधवा आता दाखवा मला कुठं असेल तर. आता त्यानं ती बरगडी माझ्या हातातून घेतली, बोटांनी तडा चाचपला आणि थ्रासिवुलोसकडे पाहिलं. सगळ्यांनीच त्याच्याकडे पाहिलं. थ्रासिवुलोसचा हात पटकन उठतो हे गावात त्याची खेचरंसुद्धा जाणतात.

"जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं होतं मला," अनार्गिरोस म्हणाला. "जिन्यावरून पडलेलं माणूस एवढ्या ठिकाणी मोडत नाही."

थ्रासिवुलोसनं टोपी घातली आणि निघून गेला.

"पेटी रविवारी आत ठेवायची. तोवर कुणी केलं ते मला कळलं तर ठीक. नाही कळलं, तर मला वाटतंय तेच खरं धरीन मी," अनार्गिरोस म्हणाला.

याचा अर्थ इथं पोरालाही समजतो. आमच्याकडे बायकांवर कुणी गोळी झाडत नाही, पण पुरुष सुटत नाही. आणि पडतो तो एकटा पडत नाही. थ्रासिवुलोसचा थोरला सतरा वर्षांचा आहे. बापाचा सूड घ्यायला तो काव्होरीला जाणार, मग अनार्गिरोसचा मुलगा खाली येणार. ही दोन्ही पोरं माझ्या हातची. त्यांना मी काही एकमेकांना मारण्यासाठी जन्माला घातलं नव्हतं. मी अनार्गिरोसला म्हटलं, रविवारपर्यंत थांब, मी शोधून देते. तो म्हणाला, तुला शोधायला काय येतं मावशी, तू सुईण. मी म्हटलं, बाळ पोटात आडवं आहे की उभं हे मी न बघता शोधते, हे तर समोर पडलं आहे.

त्या गुरुवारी हाडं उन्हात पसरली नाहीत. ती गुंडाळून आम्ही चर्चमागच्या खोलीत ठेवली. ठेवण्यापूर्वी मी दोन्ही मांड्या शेजारी शेजारी धरून पाहिल्या. डावीचा तडा आणि उजवीचा तडा अगदी एकाच जागी होता. खांद्यांच्या पात्यांचंही तसंच, बरगड्यांचंही तसंच. रागानं मारणारा माणूस इतकं मापून मारत नाही.

२

दुपारी मी त्यांच्या घरी गेले. पोलितिमी अंगणात दगडी बाकावर बसून शेंगा सोलत होती. तीही विधवाच, पायापासून डोक्यापर्यंत काळी, पण चौऱ्याहत्तरव्या वर्षीही चेहरा भाजक्या पावासारखा लालबुंद. म्हाताऱ्या विधवेला अंगणाची मुभा असते. तरुण विधवेला नसते. मी तिला काय विचारलं आणि ती काय म्हणाली ते सांगण्यात अर्थ नाही, कारण ती दर वाक्याला छातीवर क्रूसाची खूण करत होती आणि शेंगा मोजून टोपलीत टाकल्यासारखे शब्द टाकत होती. सून दुःखानं खंगली, एवढंच तिचं म्हणणं.

वरची खोली लेमोनियानं दाखवली. अजूनही खिडक्यांच्या फळ्या लावलेल्याच. आईची हाडं निघाल्याशिवाय उघडायच्या नाहीत असं आजी म्हणाली होती. दिवा लावून मी खोली पाहिली. पलंगाच्या पायथ्याला जाड दोर बांधला होता. खुर्चीच्या चारही पायांखाली विटा होत्या. जिन्याच्या कडेनं भिंतीवर एक लांब गुळगुळीत पट्टा होता, हात घासून घासून चुना पार चकचकीत झाला होता.

दोर कशाला, असं मी विचारलं. आईला उठता येत नव्हतं, लेमोनिया म्हणाली. दोराला धरून ती स्वतःला ओढून बसती करायची. खुर्ची बुटकी असली तर तिच्यातून उठणं जमायचं नाही, म्हणून विटा. चालायची बदकासारखी, दोन्हीकडे डुलत. मांड्या दुखायच्या, कंबर दुखायची, कुणी मिठी मारली तरी विव्हळायची, आणि शेवटी शेवटी केस विंचरायला हात वर जायचा नाही. आजी म्हणायची, घरात बसून बसून सुस्तावलीय. डॉक्टरला का नाही दाखवलं, हे मी विचारलं नाही. परक्या तरुण पुरुषापुढे कपडे काढणारी विधवा आमच्या गावात अजून जन्माला यायची आहे.

जेवणाचं विचारलं. डाळ, पाव, रानभाजी, ऑलिव्ह. बुधवार-शुक्रवारचे उपास सगळेच करतात, तिनं बाकीचेही धरले होते, त्यामुळे अंडं नाही, दूध नाही. आणि मासा तर घरात शिजला तरी ती उठून जायची.

"ती म्हणायची, तुझ्या बाबांना माशांनी खाल्लं, मी माशांना कशी खाऊ," लेमोनिया म्हणाली.

तिचा बाप लियास मालवाहू बोटीवर खलाशी होता. सोळा वर्षांपूर्वी दूर अर्जेंटिनाजवळ कुठंतरी एका संध्याकाळी तो बोटीवर नव्हता. समुद्रानं घेतला, असं कप्तानानं कळवलं. प्रेत मिळालं नाही. लेमोनिया तेव्हा चार वर्षांची होती.

"तुला काय वाटतं, पोरी? तुझ्या आईला कुणी मारलं?"

"काकांनी. मी तेव्हा अंगणात होते. जिन्यावर आईची किंकाळी ऐकली आणि धावत गेले, तर आई काकांच्या हातात होती. मी डोळ्यांनी पाहिलं, मावशी. त्यानंतर ती उठलीच नाही, दोन महिन्यांनी गेली."

हे ती अनार्गिरोसमामाला अजून बोलली नव्हती. पण रविवारी बोलणार होती. मी उठले. निघताना तिनं मला दोन वस्तू दिल्या, एक गव्हाची पिशवी आणि एक चिठ्ठी. शनिवारी आत्म्यांचा दिवस होता. त्या दिवशी प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांची नावं लिहून पाद्रीबाबाकडे देतं, ती शेकडो नावं एका दमात वाचली जातात आणि त्यांच्या नावानं उकडलेले गोड गहू वाटले जातात. गावाचे गहू मीच उकडते. चिठ्ठी आजी सांगते आणि मी लिहिते, लेमोनिया म्हणाली, लहानपणापासून. मी चिठ्ठी न वाचताच एप्रनच्या खिशात टाकली. माझं लक्ष दुसरीकडे होतं. मला थ्रासिवुलोसला गाठायचं होतं.

३

तो ऑलिव्हच्या बागेत पडकी भिंत रचत होता. मला पाहून त्यानं हातातला दगड खाली ठेवला.

मी आडवळण घेतलं नाही. म्हटलं, तुझी बायको मला सांगते तिला तू किती वेळा मारलंस. वहिनीवर किती वेळा हात टाकलास? तो म्हणाला, एकदाही नाही. ती आमच्या घराची इज्जत होती, तिच्यापुढे आवाजही चढवला नाही कधी. मग जिन्यावर काय झालं? तो माझ्याकडे पाठ करून भिंतीशी बोलू लागला. या माणसाला मी दारू पिऊन ओरडताना पाहिलं आहे, खेचराला काठीनं झोडपताना पाहिलं आहे, पण असा कधी पाहिला नव्हता. पाच वर्षांत तो इतकी का प्यायला लागला, हे आम्ही कुणी विचारलंही नव्हतं.

ती शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरली होती, असं त्यानं सांगितलं. फार काही नाही, लहान पोरं घसरतात तेवढंच. खाली बसली आणि उठेना. त्यानं मागून काखेत हात घातले आणि तिला उचललं.

"काही वजनच नव्हतं तिला. आणि उचलताना आवाज आला, मावशी. वाळकी काटकी मोडते ना, तसा. माझ्या हातात आला तो आवाज. मग ती किंचाळली." त्यानं आपले पंजे पाहिले. "मी जोर लावला नव्हता. पण माझे हात असेच आहेत. मीच मोडलं तिला. अनार्गिरोसला सांग, मी कुठं पळणार नाही, रविवारी अंगणात उभा राहीन."

मी म्हटलं, मूर्खा, मरायची एवढी घाई कसली. तो हसला नाही. त्यानं दगड उचलला आणि भिंतीवर बसवला. मी चढण चढून घरी आले तेव्हा माझ्या हातात एक कबुली होती, आणि मला ती पटत नव्हती. एका उचलण्यानं एक बरगडी मोडेल. दोन मांड्या, दोन पाती आणि कंबर कशी मोडेल? आणि त्यातले निम्मे तडे तर कधीचे सांधायला लागलेले होते.

४

शुक्रवारी सकाळी मी एक मांडी आणि दोन बरगड्या टॉवेलात गुंडाळल्या आणि डॉक्टरकडे नेल्या. आमचा डॉक्टर अथेन्सचा, सक्तीच्या नोकरीवर आलेला, सव्वीस वर्षांचा, तोंडावर कायम आंबट भाव. हाडं टेबलावर पाहून त्यानं आधी मला वेड्यात काढलं. मग चष्मा लावला आणि बोलायचा थांबला.

त्यानं बरेच प्रश्न विचारले. चालायची कशी, उठायची कशी, कुठं दुखायचं, काय खायची, कपडे कसे घालायची. मी दोराचं, विटांचं, भिंतीवरच्या पट्ट्याचं सगळं सांगितलं. जोडीनं पडलेल्या तड्यांचं सांगितलं तेव्हा त्यानं हाड खाली ठेवलं.

"हिला कुणी मारलेलं नाही. हिची हाडं मऊ पडली होती. शरीराच्या भारानंच ती अशी चिरत जातात, दोन्ही बाजूंना, एकाच जागी."

का मऊ पडली, असं मी विचारलं. अंगावर ऊन पडलं की कातडीत एक गोष्ट तयार होते, तिला ड जीवनसत्त्व म्हणतात, असं त्यानं सांगितलं. ते नसेल तर अन्नातला चुना, म्हणजे कॅल्शियम, हाडांत बसतच नाही. भिंत बांधली आणि चुना ओलाच राहिला तर जे होईल तेच. स्नायूही गळून जातात, म्हणून जिना चढवत नाही, खुर्चीतून उठवत नाही. थोडंफार माशातून मिळतं, अंड्यातून मिळतं. पण हिनं तेही सोडलं होतं.

मी चिडले. म्हटलं, डॉक्टर, हा ग्रीस आहे. इथं उन्हानं दगड फुटतात, आणि तुम्ही मला उन्हाचा दुष्काळ सांगता?

"दगडांवर पडतं ना ऊन," तो म्हणाला. "तुमच्या बायकांवर कुठं पडतं?"

वेळेत आणली असती तर बरी झाली असती का, एवढंच मी विचारलं. सहा महिन्यांत चालायला लागली असती, तो म्हणाला. रोज थोडा वेळ हातपाय उघडे टाकून अंगणात बसायचं, मासा खायचा आणि चमचाभर औषधी तेल. मला वाटलं होतं, तो काहीतरी अवघड सांगेल. अवघड असतं तर बरं झालं असतं.

मी हाडं गुंडाळत होते तेव्हा त्यानं विचारलं, की बाई अकरा वर्षं आत का बसली? मी सांगितलं, आमच्याकडे नवऱ्याची हाडं निघाली की दुखवटा संपतो. हिचा नवरा समुद्रात गेला, हाडं कुठून निघणार.

"म्हणजे समुद्रात गेलेल्या सगळ्यांच्या बायका अशाच मरतात?"

नाही, मी म्हटलं, तशी सोय आहे. आणि बोलता बोलता माझी जीभ अडखळली. सोय होती. किरियाकुलाचा मुलगा बुडाला तेव्हा तिनं पाच वर्षांनी पाद्रीबाबाकडून रिकाम्या पेटीवर प्रार्थना म्हणवून घेतली होती. मेलेल्यांत नाव वाचलं, गहू वाटले, आणि त्याच दिवशी तिची सून निळा झगा घालून विहिरीवर आली. पण ती प्रार्थना मागायची असते आईनं. पोलितिमीनं ती कधीच मागितली नव्हती.

रस्ताभर मला एकच दुपार आठवत होती. गारिफालिया विधवा होऊन सात वर्षं झाली होती. मी तिच्या पाठीला तेल लावायला गेले होते. मी स्वतः नवरा गेल्यावर चाळीसाव्या दिवशीच काळं फेकून दिलं होतं आणि त्याबद्दल आयुष्यभर टोमणे खाल्ले होते. तिनं मला हळूच विचारलं, मावशी, तू कसं केलंस हे? आणि मी, एवढी तोंडाळ बाई, मी काय म्हणाले? तुझी गोष्ट वेगळी आहे बाई, तुझ्या नवऱ्याची हाडं कुठं आहेत. ती हो म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

घरी येऊन मी गहू भिजत घातले आणि खिशातली चिठ्ठी काढली. लेमोनियाच्या सुबक अक्षरात सात नावं होती. पोलितिमीचा नवरा, तिचे आईबाप, सासूसासरे, लहानपणी गेलेली एक मुलगी, आणि शेवटी गारिफालिया. मी तीनदा वाचली. मी धावत पाद्रीबाबाकडे गेले. तो जुन्या चिठ्ठ्या डब्यात साठवतो, फेकणं पाप म्हणून. आम्ही दोघांनी मागच्या बारा वर्षांच्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या.

लियासचं नाव एकातही नव्हतं.

५

शनिवारी प्रार्थना संपल्यावर मी गव्हाची ताटली घेऊन पोलितिमीच्या अंगणात गेले. लेमोनिया चर्च आवरत होती, त्यामुळे आम्ही दोघीच होतो. वर साखर होती, डाळिंबाचे दाणे होते, मधोमध मेणबत्ती. मी ती पेटवली आणि ताटली तिच्या मांडीवर ठेवली.

मी म्हटलं, तुझी चिठ्ठी लिहिताना लेमोनिया एक नाव विसरली बघ. हे लियाससाठी. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो म्हण आणि एक घास खा.

हे वाक्य आमच्याकडे कुणीही झोपेतसुद्धा म्हणतं. पोलितिमीनं चमचा उचलला. चमचा ओठांपर्यंत गेला आणि तिथंच कलंडला. गहू तिच्या काळ्या मांडीवर सांडले. मग तिनं बोटांनी चिमटून मेणबत्ती विझवली.

"विझव, विझव ती. जिवंत माणसाच्या नावानं लावतेस, मेली. मरेल ना तो."

मी बाकावर बसले. मला विजय झाल्यासारखं अजिबात वाटलं नाही. मग तिनं सांगितलं आणि मी ऐकलं. दुसऱ्या वर्षी पत्र आलं होतं. तिला वाचता येत नाही, आणि गावात कुणाला दाखवायचं नव्हतं, म्हणून बाजाराच्या गावी बसथांब्यावरच्या एका अनोळखी लॉटरीवाल्याकडून ते वाचून घेतलं. लियास बोटीवरून पळाला होता. तिकडे त्याची दुसरी बाई होती, मूल होतं. मी बुडालो असंच सगळ्यांना सांग, असं त्यानं लिहिलं होतं. तिनं पत्र चुलीत घातलं आणि सगळ्यांना तसंच सांगितलं.

"बुडालेल्याची आई म्हणून मला चर्चमध्ये पुढं बसवतात. पळालेल्याची आई म्हणून कुठं बसवलं असतं?"

"आणि ती? नऊ वर्षं तुझ्या डोळ्यांसमोर भिंत धरून चालत होती. रिकाम्या पेटीवर प्रार्थना मागितली असतीस तर सुटली असती ती."

"देवासमोर त्याला मेलेला म्हणायचं? मी? आई आहे मी त्याची."

मला आता सगळं दिसत होतं. मुलाच्या जिवाला धोका नको, म्हणून तिनं त्याचं नाव मेलेल्यांत कधी वाचू दिलं नाही. आणि नाव वाचलं नाही, म्हणून सुनेचा दुखवटा कधी संपला नाही. तिनं सुनेला मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं, कडी लावून कोंडलंही नव्हतं. फक्त एक नाव उच्चारलं नव्हतं.

मी म्हटलं, उद्या अनार्गिरोस येईल. थ्रासिवुलोस त्याच्यापुढे जाऊन उभा राहणार आहे, मी मोडलं म्हणून सांगणार आहे. डॉक्टरच्या बोलण्यावर काव्होरीचा माणूस विश्वास ठेवणार नाही, घरच्यांना वाचवायला शहरातला पोरगा बोलतोय म्हणेल. ती आत का बसली होती हे तुझ्याच तोंडून यायला हवं. एका मुलाची अब्रू की दुसऱ्याचा जीव, ते तू ठरव.

पोलितिमी मांडीवरचे गहू एकेक करून वेचत होती.

"मी नाही बोलणार," ती म्हणाली. "मेले तरी नाही."

६

रविवारी अनार्गिरोस आला तो बंदूक पाठीला लावूनच. गाव अंगणाबाहेर जमलं होतं, आणि चर्चमधून पेटी आणून बाकावर ठेवली होती. थ्रासिवुलोस रिकाम्या हातांनी मधोमध उभा राहिला. त्याच्या बायकोला बाजूच्या घरात दोघींनी धरून ठेवलं होतं, तिचा आवाज येत होता.

मी आधी बोलले. डॉक्टरही बोलला. मी दोन्ही मांड्या काढून दाखवल्या, जोडीनं पडलेले तडे दाखवले, दोर आणि विटा लेमोनियाकडून वदवून घेतल्या. लेमोनिया माझ्याकडे आणि काकाकडे आळीपाळीनं बघत होती. काका म्हणाला, काही असो, शेवटचं हाड माझ्या हातात मोडलं.

अनार्गिरोसनं बंदूक पाठीवरून काढली. त्याला उन्हाचं आणि चुन्याचं काही ऐकायचं नव्हतं. तो म्हणाला, माझी बहीण स्वतःच्या मर्जीनं दुखवटा पाळत होती, तिच्या पुण्याईला रोग म्हणू नका. आणि बंदूक वर केली.

पोलितिमी खुर्चीतून उठली. मला वाटलं, ती मध्ये जाऊन उभी राहील. तशी ती गेली नाही. जागेवरूनच, ऐकू येईल न येईल अशा आवाजात तिनं एकच गोष्ट सांगितली.

"लियास जिवंत आहे."

मग पुढचं सगळं सांगितलं. पत्र, लॉटरीवाला, दुसरी बाई, चूल. किरियाकुला पहिल्या रांगेत होती, तिनं डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला. बोलून झाल्यावर पोलितिमी घरात गेली आणि तिच्या मागे खालच्या खोलीच्या खिडक्यांच्या फळ्या एकामागून एक लागल्याचा आवाज आला. तिला कुणी हाक मारली नाही.

अनार्गिरोसची बंदूक खाली आली. बाईवर गोळी झाडता येत नाही आणि लियास समुद्रापलीकडे होता. तो तिथंच उभा राहिला.

"मग मी कुणाला धरू?" त्यानं मला विचारलं.

माझा राग तीन दिवस आवरला होता, तो आता आवरला नाही. मी म्हटलं, पहिल्याच वर्षी काव्होरीहून निरोप कुणी पाठवला होता, घराण्याची अब्रू तुझ्या हातात आहे, उंबरा ओलांडू नकोस म्हणून? गुरुवारी कॉफी पिताना कोण छाती फुगवत होतं, तिनं उन्हाला तोंड दाखवलं नाही म्हणून? तुला धरायचं असेल तर घरापासून सुरुवात कर. मग खाली ये. तिचा गोरा पडलेला चेहरा पाहून इथली प्रत्येक बाई म्हणाली, किती सोज्वळ. मला तर तिनं विचारलं होतं आणि मी तिला परत भिंतीकडे पाठवलं. रांगेत मीही आहे.

अनार्गिरोस बंदूक पाठीला लावून डोंगराच्या वाटेनं निघून गेला. त्यानं बहिणीच्या पेटीला हातही लावला नाही. थ्रासिवुलोस मात्र बाकाशेजारी जमिनीवर बसला आणि आपले दोन्ही पंजे पुन्हा पाहू लागला. तुझ्या हातात मोडली नाही ती, मी त्याला म्हटलं, तुझ्या हातात फक्त आवाज आला. त्याला ते पटलं का, मला माहीत नाही. तो अजून पितो.

लोक पांगले तेव्हा वर धाडधाड आवाज झाला. लेमोनियानं आईच्या खोलीच्या फळ्या उघडल्या होत्या. बिजागऱ्या गंजलेल्या, म्हणून एक तर तिनं पार उपटूनच काढली. मग ती पांढरी चादर घेऊन खाली आली आणि म्हणाली, "मावशी, गुरुवारी आईला वाळवायचं राहिलं."

ते खरंच राहिलं होतं. आम्ही चादर अंगणात अंथरली. पेटी उघडून एकेक हाड बाहेर काढलं आणि ओळीनं मांडलं, आधी पाय, मग कंबर, मग बरगड्या, हात, डोकं. जूनचं ऊन होतं, दगडांवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. सोळा वर्षांनी गारिफालिया उन्हात आली होती.

दुपारनंतर मी उठले आणि तिची सगळी हाडं एकदा उलटी केली, दुसऱ्या बाजूलाही ऊन लागावं म्हणून.